साटमकाकांचा औषधी कॉम्प्युटर

साटमकाकांसमोर शिंकायची सोय नव्हती. दुसरा कुणी ‘काळजी घ्या’ म्हणेल. हे आधी उठून खिडकी लावून घेत आणि हळूच विचारत, “तुमच्याकडे यावर काय घेतात?”

सिल्व्हर पार्कात ते माझ्या समोरच्याच घरात राहायचे. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पेपरात वाचलं की, परदेशात कुणीतरी आपल्या हळदीवर हक्क सांगितला होता, म्हणून सरकार आता जुन्या ग्रंथांतली औषधं कॉम्प्युटरवर चढवतंय. ग्रंथांचं सरकार बघेल, पण आमच्या बिल्डिंगमधल्या काढ्यांचं काय, या काळजीने त्यांची झोप उडाली. हाटकेशच्या एका दुकानातून जुना कॉम्प्युटर आला. “नोंद नाय, तर हक्क नाय,” हे पालुपद तेव्हापासूनचं.

नोंद पुराव्यासकट हवी. तळमजल्यावरच्या शहाभाईंच्या कमरेत उसण भरली. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाने लाथ मारली की उसण जाते. आमचा वॉचमन नेमका पायाळू निघाला. शहाभाई पालथे पडले, वॉचमनने चप्पल काढून पाय उचलला, आणि काका कॅमेऱ्यामागून म्हणाले, “रुको, फोकस नहीं हुआ.” फोकस होईपर्यंत वॉचमनचा तोल गेला आणि त्याच्याच कमरेत उसण भरली. शहाभाई मात्र घाबरून ताडकन उठले ते थेट घरी गेले. काकांनी ‘गुण आला’ अशी नोंद केली.

मी एकदा म्हटलं, काका, हे जगजाहीर केलंत तरच उद्या कुणाला हक्क सांगता येणार नाही, आणि तुम्ही तर त्याला पासवर्ड घालून बसलाय. त्यांनी असं रोखून पाहिलं की आपण परदेशी कंपनीचे हेर आहोत, असं मलाच वाटायला लागलं.

एवढं करून एक नोंद राहिली होती, ती घरातलीच. काकूंच्या, अंगावर उठणाऱ्या नागिणीवरच्या लेपासाठी पार पेणकरपाड्यातून लोक यायचे. पण त्यांच्या रत्नागिरीकडची रीत अशी की असं औषध एकदाच आणि एकालाच सांगायचं. सांगितलं की सांगणाऱ्याच्या हातचा गुण जातो. म्हणून माणूस ते अगदी जातानाच सांगतो. काका रोज मागे लागायचे आणि काकू चटणी वाटत राहायच्या.

मग काकू आजारी पडल्या. दवाखान्यातून घरी आल्या त्या ओळखू न येण्याइतक्या वाळून. एका दुपारी मी पेज घेऊन गेलो, तेव्हा काकूंनी काकांना जवळ बोलावलं.

“बसा. लेप सांगते. घ्या लिहून.”

काका उठले आणि त्यांनी कॉम्प्युटरचं बटण बंद केलं.

“नको सांगू.”

“अहो, एवढे दिवस जीव खाल्लात माझा.”

“तेव्हा तू बरी होतीस.”

काकू हसल्या. “मग लेप माझ्याबरोबरच जायचा.”

“तर मग तू जाऊ नको,” काका म्हणाले, आणि वाटीतली पेज फुंकून फुंकून काकूंना भरवायला लागले. मला तिथे थांबवेना.