दात घासणारं भूत

डिंपलने अंड्यावर मेणाने हडळ काढली, तिचे पाय आठवणीने उलटे केले आणि अंडं जांभळ्या रंगाच्या वाटीत सोडलं. वितळलेल्या मेणबत्तीत टाचणीचं डोकं बुडवून रेघा ओढायच्या, अंडं रंगवायचं, वाळलं की गरम फडक्याने मेण पुसून घ्यायचं. मेणाखालचं चित्र तेवढं पांढरं राहतं. मोबाइलवर पाहून शिकलेली ही कला तिला चांगलीच साधली होती. ओट्यावर चष्मेवालं वटवाघूळ, पडसं झालेला सांगाडा आणि दात घासणारं भूत वाळत पडली होती.

हा खटाटोप नोकरीसाठी होता. सिंदेवाहीच्या ज्या इंग्रजी शाळेत ती जूनपासून शिकवत होती, तिथे उद्या भुतांचा दिवस साजरा व्हायचा होता. मुख्याध्यापिका अंजना मॅडमना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी डिंपलला बजावलं होतं, "तुमचं प्रदर्शन बघूनच पुढच्या वर्षीचं ठरवू."

सकाळी सासूच्या, ताराबाईंच्या, ओरडण्याने घर जागं झालं.

"माह्ये अंडे कोनं नेले वो?"

"मीच घेतले ना, आई. तुमीच तं म्हनल्या, टोपलीतले घे."

"सैपाकघरातल्या टोपलीतले! तू कोठीतले आनले! कोंबडी बसवली होती त्याच्यावर. आजउद्या पिल्लं निघाले असते!"

डिंपलला आता उलगडा झाला. काल दुपारी कोंबडी दाणे टिपायला अंगणात गेली असताना तिने ती अंडी उचलली होती. हाताला कोमट लागली तेव्हा, 'किती ताजी!' म्हणून ती उलट खूश झाली होती.

"मंग ठेव ना परत कोंबडीखाली," नवरा सुरेंद्र तोंडातल्या ब्रशसकट म्हणाला.

"अन् शाळेत काय नेऊ? तुमाले नेऊ?"

ताराबाईंनी हडळीचं अंडं उचलून कोंबडीपुढे धरलं. कोंबडीने मान वाकडी करून एका डोळ्याने हडळीकडे पाहिलं आणि जी कोकलत उडाली ती थेट कौलांवर जाऊन बसली. काही केल्या खाली येईना.

"पाह्यलं का? मायबी वळखत नाई आता," ताराबाईंनी डोळ्याला पदर लावला. "ने तुह्ये भुतं."

डिंपल रडतच शाळेत गेली. आपल्या हातून आख्खं खानदान बुडालं, असं तिला वाटत होतं. तिने अंडी भाताच्या तणसावर मांडली आणि भुताटकी वाटावी म्हणून खाली पिवळा बल्ब लावला. तणस छान उबदार झालं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

प्रमुख पाहुणे म्हणून निवृत्त फौजदार मनसारामजी आले होते. प्रदर्शनाच्या टेबलावर हात ठेवून त्यांनी भाषण सुरू केलं. "पोरांनो, मी आख्खी नोकरी जंगलात केली. भूतबीत काही नसते!"

त्याच क्षणी दात घासणारं भूत हललं.

फौजदारांनी हात काढून घेतला. "नसते म्हनजे... सहसा नसते." भूत पुन्हा हललं, भुताच्या ब्रशजवळ तडा गेला आणि आतून आवाज आला, "चिव."

फौजदार खुर्ची ओलांडून जे निघाले ते फाटकापाशीच थांबले. पोरं किंचाळत त्यांच्या मागे. पाठोपाठ हडळीला तडा गेला, मग सांगाड्याला. आपली नोकरी गेली, या खात्रीने डिंपल भिंतीला टेकून खाली बसली. अंजना मॅडम मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या शाळेत पळण्याची परवानगी नव्हती, आणि ती त्यांनी स्वतःलाही दिली नाही.

शाळा सुटेपर्यंत सगळी पिल्लं बाहेर आली होती. अंग वाळताच त्यांनी माना वर करून पाहिलं, तर समोर मॅडम. मॅडम ऑफिसात निघाल्या तशी पिल्लंही टेबलाच्या कडेपर्यंत धावली. मॅडमनी घाईघाईने पदराची झोळी केली.

डिंपल राजीनामा द्यायला ऑफिसात शिरली.

"हळू!" मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "आत्ताच झोपलीत."

डिंपलने सुरेंद्रला फोन करून सांगितल्यावर ताराबाई कोंबड्या झाकायचं डालं घेऊन आल्या. पिल्लं डाल्यात ठेवली की कलकलाट करत, मॅडमच्या मांडीवर ठेवली की गप्प होत. दोनतीनदा करून पाहिल्यावर ताराबाईंनी हात टेकले.

"बाई, आता तुमीच चाला आमच्या घरी."

डिंपलची नोकरी पक्की झाली. पण तेव्हापासून शाळा सुटली की अंजना मॅडम तिच्याच घरी येतात आणि अंगणातल्या बाजेवर पिल्लं घेऊन ताराबाईंच्या शेजारी बसतात. डिंपल आत चहा ठेवते आणि बाहेरचं बोलणं तिला शब्दन् शब्द ऐकू येतं.

"येक सांगतलं का दुसरंच करते वो माही सून. शाळेतबी अशीच करते काय?"

"अगदी अशीच," मॅडम म्हणतात, आणि चक्क हसतात.