चार बोटं उंच बाक

मेल्यावर माणसाचं काय होतं, हा प्रश्न इतका गंभीर आहे की तो मेलेल्यांवर सोपवून चालत नाही. त्याला समितीच लागते.

आमची समिती गावातल्या दोन्ही चर्चची मिळून, संयुक्त आहे. थोरल्या चर्चचं मत असं, की विश्वासू माणूससुद्धा थेट स्वर्गात जात नाही. आधी शुद्धिस्थानात त्याचे बारीकसारीक डाग निघतात, आणि मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केली तर जरा लवकर निघतात. धाकट्या चर्चचं मत असं, की देवाच्या कृपेने सगळे डाग एकदाच निघाले, आता तिथे घासाघीस नको. दोन्ही मतं पूर्ण विचारान्ती बनलेली आहेत (ज्याच्या त्याच्या आजोबांच्या). सभागृह मात्र दोघांचं एकच आहे, आणि त्यातली सगळी बाकं सुतारकाकांनी केलेली आहेत.

हे सुतारकाका वारले, आणि समितीपुढे पहिल्यांदाच खरंखुरं प्रकरण आलं. काका धाकट्या चर्चचे, काकू माहेरून थोरल्या चर्चच्या. दाराजवळच्या बाकावरून उठून काकू म्हणाल्या, “मला एवढंच सांगा, यांच्यासाठी प्रार्थना करू की नको? अजून वाटेत असतील तर मला त्यांना एकटं सोडवत नाही. आणि पोचले असतील, तर रोज हाका मारून उगाच मागे कशाला ओढू?”

प्रश्न साधा होता. समितीने त्याला न्याय द्यायचं ठरवलं, म्हणजे तो मोठा केला.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाचं काम अग्नीने पारखलं जाईल, सोनं-रुपं टिकेल आणि लाकूड, गवत, पेंढा जळून जाईल, हे शास्त्रात आहे आणि दोन्ही चर्चना मान्य आहे. अध्यक्ष म्हणाले, पारख झालीच पाहिजे आणि काटेकोर झाली पाहिजे. (अध्यक्ष सोनार आहेत.) वैरणीचं दुकान चालवणारे सभासद पेंढ्याचा उल्लेख ऐकून अस्वस्थ झाले आणि त्याच बैठकीत थोरलं मत सोडून निव्वळ कृपेच्या बाजूला गेले. विमा एजंटांनी ‘माल गेला, जीव वाचला’ असं मधलं मत मांडलं. ते मूळ वचनाच्या (‘काम जळालं, तरी माणूस तारला जाईल’) इतकं जवळ जात होतं की कोणालाच पटलं नाही.

मग काकांच्या कामाची, म्हणजे बाकांची, पाहणी झाली. मधल्या रांगेतलं एक बाक कुरकुरतं असं आढळलं. थोरल्यांच्या मते ही कुरकुर किरकोळ पापात मोडते, वर गेल्यावर थोडा रंधा मारला की निघेल. धाकट्यांच्या मते कुरकुर लाकडाची आहे, विश्वासाची नव्हे. ती बसणाऱ्याच्या वजनाची असावी, ही सूचना त्यावर बसलेल्या सभासदाने एकमताने फेटाळली. दाराजवळचं बाक बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच भरलं. ‘माप चुकलेलं, कारण अज्ञात’ अशी नोंद झाली.

“काकू, समिती सखोल विचार करतेय,” अध्यक्षांनी धीर दिला.

“करा बाबा, सावकाश करा,” काकू म्हणाल्या. “पण आज घरी जाऊन दिवा लावल्यावर मी काय करू, तेवढं सांगा.”

हा मुद्दा विषयपत्रिकेत नसल्यामुळे घेता आला नाही.

शेवटी तडजोड निघाली. नमुना म्हणून एकाच बाकाची अग्निपरीक्षा घ्यावी. दाराजवळचं निवडलं, कारण एक तर ते मापात चुकलेलं, आणि दुसरं म्हणजे त्यावर समितीतलं कोणी बसत नसे. अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या सभासदाच्या देखरेखीखाली ते अंगणात पेटवलं. ते जळालं. (लाकडाचं होतं.) थोरले म्हणाले, जळालं, त्या अर्थी शुद्धीची गरज होतीच. धाकटे म्हणाले, खिळे शिल्लक राहिले, त्या अर्थी काका पोचले. खिळे सुताराच्या कामात धरायचे की लोहाराच्या, हे ठरवायला आता उपसमिती नेमली आहे. तिचं काम फार मन लावून चाललं आहे.

काकूंनी राखेतून एक खिळा उचलला, पुसला आणि रुमालात बांधला. “माप चुकलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “माझे गुडघे धरतात ना, खालून उठवत नाही. म्हणून यांनी तेवढं एकच उंच केलं होतं.” उशिरा आलेला पुरावा म्हणून ते विधान उपसमितीकडे पाठवलं आहे.

काकू अजून प्रत्येक बैठकीला येतात. तुम्ही आम्हाला हसलात, त्याचा आम्हाला राग नाही. पण थोरले बरोबर की धाकटे, खिळे कोणाचे, याचा विचार तुम्हीही केलात, आणि तो बसून केलात. बाक जळाल्यापासून काकू दाराशी उभ्या आहेत, आणि “काकू, बसा” असं तुमच्याही मनात आलं नाही. ही पात्रता पाहून समितीने तुम्हाला सभासद करून घेतलं आहे. या, आम्ही सरकून घेतो.