साहेब रस्ता बघायला आले

एखादं काम राधाकृष्णानं, म्हणजे मी, हाती घेतलं की ते तडीला गेलंच म्हणून समजा. कारकून असलो तरी अर्ज असा लिहितो की साहेबाच्या डोळ्यांत पाणी यावं. त्र्याहत्तर साली आम्ही सावेडीकरांनी सायकलवाल्यांचा आणि पायी चालणाऱ्यांचा संघ काढला, तेव्हा अध्यक्ष कोण हा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या कुणी हात वर केला नाही, पण ते जाऊ द्या.

सावेडी तेव्हा म्हणजे थोडे बंगले, थोडी पत्र्याची घरं आणि मधेमधे उन्हानं करपलेली रानं. नगरात जायला एकच रस्ता. त्यावरून दिवसभर ट्रक धावायचे, आणि प्रत्येक ट्रकवाल्याला वाटायचं, रस्ता आपल्याला सासऱ्यानं दिलाय.

वैशाखात असाच एक ट्रक मागून आला. माझी लेक मुक्ता सातवी पास झाली होती. हायस्कुलात नाव घालायला मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून निघालो होतो. ट्रकनं हॉर्न दिला, मी कडेला घेतलं, आणि तिथं रस्त्याला कडच नव्हती! दोघंही बाभळीत. पुष्पावती, म्हणजे आमची मंडळी, दिवे लागेपर्यंत आमचे काटे काढत होती. शेवटचा काटा काढून तिनं निकाल दिला.

"कडेला सायकलची वाट झाल्याशिवाय माझी पोर या रस्त्यावर जाणार नाही. शाळा उघडायच्या आत झाली तर बरं, नाहीतर राजूरला मामाकडे पाठवते. तिथंच शिकेल."

राजूर काय जवळ आहे? पार डोंगरात! मुक्तासाठी घेतलेली जुनी बायकी सायकल ओसरीत चादरीखाली गेली आणि पलंगाखालची ट्रंक बाहेर आली. पोरगी नुसती त्या ट्रंकेकडे बघायची आणि मग माझ्याकडे. मला जेवण जाईना.

मी अर्जावर अर्ज केले. अखेर रस्त्यांच्या साहेबांचं उत्तर आलं की शनिवारी सकाळी स्वतः येऊन पाहणी करतो. सोमवारी शाळा उघडणार होती. ट्रंकेला कुलूप लागलं होतं.

माझा बेत साधा होता. साहेबांना वळणावर नुसतं उभं करायचं. खड्डे दिसतील, ट्रक अंगावर येतील, साहेब स्वतःच वाट मंजूर करतील. मला बोलायचीही गरज नव्हती. हा बेत मी शेजारच्या झुंबरबाईंना सांगितला नाही, हीच चूक झाली. त्यांना एवढंच म्हणालो की साहेब रस्ता बघायला येतायत, आपली माणसं जमवा. झुंबरबाई म्हणजे आमच्या भजनी मंडळाच्या मुख्य. त्यांनी माणसं जमवायची म्हणजे गल्लीतलं कुत्रंसुद्धा घरी राहत नाही.

शनिवारी मी नाक्यावर जाऊन साहेबांच्या जीपमध्ये बसलो. साहेब घाईत होते. अकराला कलेक्टरसाहेबांची बैठक होती. मी मनात म्हटलं, काळजी नको, पाच मिनिटांत तुमचा घाम काढतो. जीप वळणावर आली आणि घाम मलाच फुटला.

एक खड्डा शिल्लक नव्हता! सगळे मुरूम घालून चोपून काढलेले. रस्ता झाडलेला, सडा टाकलेला, त्यावर रांगोळीची कमळं. रस्त्यावर आडवी बांबूची कमान, तिला आंब्याचे टाळे आणि कुणाची तरी जरीची साडी. आणि ट्रक? एकही नाही. रस्ता देवळाच्या अंगणासारखा शांत. झुंबरबाई पंचारती घेऊन पुढं आल्या.

मी त्यांना बाजूला ओढलं आणि हे काय करून ठेवलंत म्हणून विचारलं. त्यांनी पंचारती सावरली.

"आवो, बघाया येनार म्हनल्यावर पोरीचं त्वांड धुवाय नगं का? तशीच शेंबडी म्होरं बशिवत्यात व्हय?"

आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की फुटका कप आत जातो आणि शेजारचा चांगला बाहेर येतो. रस्त्याच्या बाबतीत वेगळा नियम लावायचा, हे कुणाच्या डोक्यात यावं? मुरूम तरी कुठनं आणला, तर लोक चालायचे ती रस्त्याची कडच खणून!

साहेबांना कुंकू लागलं, नारळ मिळाला. त्यांनी बुटाच्या टाचेनं रस्ता ठोकून बघितला आणि म्हणाले की जिल्ह्यात इतका झकास रस्ता मी पाहिला नाही, तक्रार नक्की कशाची आहे? मग त्यांची नजर सड्यावर गेली. दुष्काळात रस्त्यावर शिंपायला पाणी उरतं म्हणजे इथला टँकर दुसरीकडे द्यायला हरकत नाही, बैठकीत सांगतो, असंही ते सहज बोलले. बायकांनी सड्याचे तांबे पदराआड घेतले. आता वाटही जाणार आणि पाणीही! मुक्ता कमानीशी हातात हार घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहायची तसंच.

ट्रक कुठं गेले ते मला तेव्हा कळलं. झुंबरबाईंचा मुलगा मच्छिंद्र, तालमीतला गडी, वळणापलीकडे लाल लुगडं काठीला बांधून उभा होता. त्याच्यामागं ट्रकांची ही रांग! ड्रायव्हर मंडळाचा चहा पीत बसले होते. मी धावत गेलो. सोड म्हटलं तर तो सोडेना. म्हणाला, "आई म्हनली, सायब जाईस्तोवर न्हाई सोडायचं."

माझं डोकं फिरलं. मी काठी हिसकावली आणि ओरडलो, "चला!"

त्यांनी ऐकलं. सगळ्यांनी एकदम ऐकलं. खोळंबून तापलेले ड्रायव्हर होते, त्यांनी कसर भरून काढली. धुरळा उठला आणि मला आठवलं, कमान जीपच्या मापानं बांधलीय. आणि कमानीखाली मुक्ता उभी आहे.

मी आयुष्यात इतका कधी पळालो नाही. पुढं काहीच दिसेना, नुसते हॉर्न आणि बायकांचा ओरडा. कडाड्‌कन आवाज झाला. मी मुक्ताच्या नावानं हाका मारत होतो, कुणी ओ देईना. तेवढ्यात मुरूम काढलेल्या खड्ड्यात माझा पाय गेला आणि मी तोंडावर आपटलो.

धुरळा बसला तेव्हा खड्ड्यात माझ्याशेजारी साहेब बसलेले होते, मांडीवर नारळ. त्यांची बाही मुक्तानं घट्ट धरलेली. कमान पडायच्या आत पोरीनंच त्यांना ओढून खाली आणलं होतं. मी तिला जवळ घेतलं आणि रडलो. होय, सगळ्यांसमोर. पुष्पावती आली, तिनं आधी पोरीला चाचपलं, मग साहेबांना, आणि मला शेवटी.

कमानीचा बांबू जीपच्या रेडिएटरमध्ये शिरला होता. साहेब घड्याळ बघत होते आणि रंग बदलत होते. ट्रकवाले थांबायला तयार नव्हते, ते एकदा थांबून चुकले होते. माझा घोटा नारळाएवढा सुजलेला. मच्छिंद्राला सायकल पेलत नव्हती, म्हणजे सायकलला मच्छिंद्र पेलत नव्हता. साहेबांना सायकल येत नव्हती. संघातले बाकीचे सायकलवाले ट्रकांकडे बघून मागं सरकले.

"मी नेते," मुक्ता म्हणाली, आणि ओसरीतली सायकल घेऊन आली.

सगळे पुष्पावतीकडे बघायला लागले. तिनं पदर तोंडात धरला. नाही म्हणावं तर टँकर त्या माणसाच्या हातात, हो म्हणावं तर पोर. "हळू जा," एवढंच ती कशीबशी म्हणाली. साहेब कॅरिअरवर बसले. वळणावर एक ट्रक हॉर्न देत त्यांच्या अगदी जवळून गेला, सायकल डुगडुगली, सावरली आणि दिसेनाशी झाली.

मग आम्ही आमच्या ओसरीत वाट बघत बसलो. पुष्पावती ट्रंकेवर बसली होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की घोटा दुखायचा थांबला. झुंबरबाईंनी पुसायला घेतलेली उरलीसुरली रांगोळी तशीच राहिली. प्रत्येक हॉर्नला मी लंगडत रस्त्यापर्यंत जाऊन येत होतो.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा घंटी वाजली. मुक्ता एकटी, घामाघूम, वेणी सुटलेली. पुष्पावतीनं तिला पोटाशी धरलं ते सोडेचना. साहेबांनी नाक्यापर्यंत वेणी धरली होती, मुक्ता सांगत होती. ट्रक आला की ते डोळे मिटून मारुतीचं नाव घ्यायचे. दोनदा उतरून रानात पळाले. नाक्यावर हवालदारानं डबलसीट म्हणून अडवलं. हे म्हणाले, मी रस्त्यांचा साहेब. तो म्हणाला, मग मी कलेक्टर. तरी वेळेवर पोचले.

"उतरल्यावर काय म्हणाले?" मी जीव मुठीत धरून विचारलं.

"म्हणाले, तुझ्या वडलांना सांग, वाट झालीच म्हणून समजा. टँकरही राहील."

साहेब शब्दाचे पक्के निघाले. दुष्काळी कामावरची माणसं लावून पावसाच्या आत कडेनं मुरमाची चांगली रुंद वाट झाली. पण त्याची वाट बघायला पुष्पावती थांबली नाही. सोमवारी सकाळी तिनं ट्रंक पलंगाखाली सारली आणि मुक्ताच्या हातात दप्तर दिलं.

मी म्हटलं, अगं, पण वाट व्हायचीय अजून.

"तिला चालवता येते, मी डोळ्यांनी पाहिलंय," ती म्हणाली. "ज्याला येत नाही त्यानं बसायचं नाही." आणि चादर माझ्या सायकलवर घातली!

घोटा बरा झाल्यापासून मी कचेरीत पायी जातो. आमच्याच संघाच्या वाटेनं, अध्यक्षाच्या रुबाबात. मागून घंटी वाजते, मुक्ता आणि तिच्या मैत्रिणी सायकली दामटत येतात, आणि माझीच लेक सगळ्यांच्या देखत ओरडते, "अण्णा, कडेला व्हा!"

कडेच्या वाटेवर आणखी कडेला कुठं व्हायचं? मी मुकाट्यानं बाभळीत शिरतो.