उतरंडीतला माणूस

आमच्या वाचनालयातलं कुठलंही पुस्तक मी अकरा सेकंदांत शोधून देतो. ही बढाई नव्हे. सव्वीस वर्षं तळघरात बसून पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्याच्या अंगात बढाई मारण्याइतकं त्राण उरत नाही. ही नुसती माहिती आहे, आणि गेल्या मंगळवारी सकाळपर्यंत ती खरीही होती.

सगळी गंमत विषयांच्या उतरंडीत आहे. वर मोठा विषय, त्याच्या पोटात लहान, त्याच्या पोटात आणखी लहान. प्राणी, त्याखाली सस्तन प्राणी, त्याखाली मांजर. वरच्या विषयावर बोट ठेवायचं, ‘पोटविषयांसह’ या चौकोनात खूण करायची, की खालची सगळी पुस्तकं पडद्यावर हजर. संगणकातली ही उतरंड मी एकट्याने तीन वर्षं खपून रचली. घरी कौतुकाने सांगितलं, तर आमची ही म्हणाली, “मग तुमचा चष्मा तेवढा का सापडत नाही?”

कौतुकाचं जाऊ दे, मला फक्त एक खिडकी हवी होती. तळघरात छताला लागून एक झरोका आहे, त्यातून रस्त्यावरची पावलं दिसतात. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मी इतकी वर्षं लोकांच्या चपलांवरून ओळखत आलोय. दुसऱ्या मजल्यावर मात्र एक खोली रिकामी आहे. तिला भलीमोठी खिडकी आणि खिडकीबाहेर झाड. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, ते झाड बघत काढावेत एवढीच माझी इच्छा. अध्यक्षांनी अट घातली. मंगळवारी एक पशुवैद्य बाई येणार होत्या, त्यांना आपली सगळी पुस्तकं कुठल्यातरी चांगल्या वाचनालयाला द्यायची होती. आमची शोधायची पद्धत त्यांच्या मनाला आली तर खोली माझी, नाहीतर तिथे कार्यकारिणीचा कॅरम.

सोमवारी दुपारी मी उतरंडीवरून शेवटचा हात फिरवला आणि तिथेच माती खाल्ली. ‘माणूस’ हा विषय सगळ्यांत वर एकटाच ऐटीत बसला होता. त्याच्या पोटात कुटुंब, लग्न, कायदा, राजकारण, चरित्रं, सगळा पसारा. म्हटलं, येणाऱ्या बाई शास्त्रातल्या. माणूस काय सस्तन प्राणी नाही? उचलला आणि ठेवला सस्तन प्राण्यांखाली. देवघेवीच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, अहो, लोक माणसाला प्राण्यांत कशाला शोधायला जातील? मी त्यांना दहा मिनिटं उत्क्रांती समजावली. त्यांनी जांभई दिली, ती मला शरणागती वाटली.

मंगळवारी अकरा वाजता वाचनकक्षातल्या मोठ्या पडद्यासमोर अध्यक्ष, डॉक्टरबाई आणि मी उभे राहिलो. बाई मोजकं बोलणाऱ्या. प्राण्यांवर तुमच्याकडे काय काय आहे, एवढंच त्यांनी विचारलं. मी ‘प्राणी’वर बोट ठेवलं, चौकोनात खूण केली. अकरा सेकंद झाले. तीस झाले. अध्यक्ष खाकरले. मग आकडा उमटला, एकेचाळीस हजार दोनशे सहा.

अध्यक्षांची छाती फुगली. आपल्याकडे इतकी जनावरं आहेत, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी यादी उघडायला लावली. पहिलं पुस्तक घटस्फोटाच्या कायद्याचं. दुसरं सासू-सुनेचं कसं जमवावं यावरचं. तिसरं खुद्द अध्यक्षांचं आत्मचरित्र, मुखपृष्ठावर हनुवटीला हात लावून बसलेले ते स्वतः. खाली नोंद होती: प्राणी, सस्तन प्राणी, माणूस, स्थानिक व्यक्ती.

“हे काय आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

“मला तिथून काढा. आत्ताच्या आत्ता.”

घाईघाईने मी ‘माणूस’ धरला, ‘काढा’ दाबलं. यंत्राने विचारलं, पोटविषयांसह? मला वाटलं, प्राण्यांतून काढू का असं विचारतंय. मी हो म्हटलं. यंत्राने त्याला प्राण्यांतून काढलं, उतरंडीतून काढलं, पार नाहीसाच केला. कुटुंब गेलं, लग्न गेलं, कायदा गेला. पडद्यावर उरली तीनशे बारा पुस्तकं, खरोखरच्या जनावरांची. बाकी चाळीस हजार आठशे चौऱ्याण्णव पुस्तकांपुढे विषयाची जागा कोरी झाली. माझ्या तीन वर्षांच्या कामाला एक टिचकी पुरली.

डॉक्टरबाई ती छोटी यादी सावकाश वाचत होत्या. “छान आहे हो तुमची पद्धत,” त्या म्हणाल्या. “नको ते काही मध्ये येत नाही. माझी पुस्तकं इथेच देते.”

अध्यक्ष शब्दाचे पक्के निघाले. खोली मला मिळाली, पण त्या चाळीस हजारांना पुन्हा विषय देईपर्यंत तिथून हलायचं नाही, असं बजावूनच. बुधवारी सकाळी मी अर्धा तास नुसता झाडाकडे बघत बसलो. त्याला बारीक पिवळी फुलं येतात. मला भरून आलं.

विषय द्यायचा तर पुस्तक उघडून चाळावं लागतं. त्यामुळे दुपारपासून शिपाईमामा गठ्ठे वर आणू लागले. खोली लहान, भिंतींना आधीच कपाटं, म्हणून गठ्ठे लागले खिडकीपाशी. शुक्रवारी ते वरच्या चौकटीला टेकले.

काल हिचा फोन आला. “काय हो, दिसतंय का झाड?”

नाही म्हटलं, समोर कायदा आहे, त्याच्यामागे राजकारण. कधी दिसेल, तिने विचारलं. दिवसाला चाळीस पुस्तकं होतात, म्हणजे साडेतीन वर्षं तरी.

“पण तुम्ही तर पुढच्या वर्षी कायमचे घरी ना?”

हे सांगायचं मी तीन दिवस टाळत होतो. शेवटी सांगून टाकलं, की अध्यक्षांनी मला काम संपेपर्यंत मुदतवाढ दिलीय. ती रडेल की काय, अशी मला धास्ती होती.

“बरं,” ती म्हणाली. “घाई करू नका हं. सावकाश होऊ द्या.”