तस्दीकवाले आप्पा

विरूपाक्षआप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका गाढवाला वाचून दाखवत होते.

कळंबचा आठवडी बाजार होता. मी नवी नवरी, पदर सावरत सासूबाईंच्या मागं चाललेली. कुंभाराच्या मडक्यांशेजारी गाढव उभं होतं आणि त्याच्यासमोर डोक्याला रुमाल, अंगात काळा कोट, कानाला दोऱ्यानं बांधलेला चष्मा असे एक गृहस्थ उकिडवे बसून कागद वाचत होते. “गाढव हे ओझे वाहणारे जनावर आहे. ते स्वभावाने मूर्ख असते.” एवढं वाचून त्यांनी चष्म्यावरून गाढवाकडं पाहिलं. गाढवानं मागचा पाय झाडला. दौत उलटली, धोतरावर शाई सांडली. गृहस्थ रागावले नाहीत. बुडाला राहिलेल्या शाईत टाक बुडवून त्यांनी दुसरी ओळ खोडली आणि म्हणाले, “नामंजूर. त्याचं बरोबर हाय. मूर्ख हे त्याला इचारून लिवलं न्हवतं.”

“चल,” सासूबाई मला म्हणाल्या, “आपल्या शेजारचे मास्तर हायत.”

मास्तर सरकारी शाळेत होते. निजामाचं राज्य, शाळेत सगळं उर्दूतून. पोरं दिवसभर ‘बिल्ली’ घोकायची आणि घरी येऊन मांजराला दूध घालायची. ती दोन्ही एकच हे काहींना मिसरूड फुटल्यावर कळायचं. नोकरी सुटल्यावर आप्पांनी मनावर घेतलं की पोरांसाठी मराठीत जनावरांचं पुस्तक करायचं. पानभर चित्र, खाली मोठ्या अक्षरात खरी माहिती. गोष्टी नाहीत. बोलणारा कोल्हा नि शहाणा कावळा यांचा त्यांना भारी तिटकारा. “जनावर बोलत न्हाय,” ते म्हणायचे. “बोलतं म्हणून सांगितलं की पोरगं त्याचं तोंड बघतं, पाय बघत न्हाय.”

आणि नियम असा, की ज्याच्यावर पान लिहिलं त्याला ते वाचून दाखवायचं. “माणसाचा कागद झाला तर वाचून दाखवून अंगठा घेतात का न्हाय? मग जनावरांनी काय घोडं मारलंय? तस्दीक झाली पाहिजे.” कागद खरा असल्याची खातरजमा, असा हा कचेरीतला शब्द त्यांच्या जिभेवर कायम. जनावरानं कान हलवला की तस्दीक झाली. तोंड फिरवलं की नामंजूर. एका शेळीनं तर शेळीचं पानच खाऊन टाकलं. आप्पांनी ते दुसऱ्यांदा काढलं, पण तिचं कौतुक पुढं कित्येक दिवस सांगत होते. “एवढं मनापासून वाचणारं दुसरं कोण मिळणार हाय?” नागाचं पान त्यांनी लिंबाच्या झाडावर चढून वाचलं. नाग खाली, आप्पा वर. ऐकून नाग बिळात गेला. ते हो का नाही, हे ठरवायला आप्पांना आठवडा लागला.

बाजारात लोक चेष्टा करायचे. “मास्तर, शेर कुठाय तुमच्या पुस्तकात?”

“आणा की कळंबात. तुमी पुढं उभं ऱ्हा, म्या मागं कागद घेऊन बसतो.”

आता माझं सांगते. माझं माहेर उमरग्याच्याही पलीकडं, पार कानडी मुलखात. शाळा दुसरीत सुटली, तीही कानडी. सोयरीक जुनी, जात एक, देव महादेव. भाषा कुणी विचारलीच नाही. आमचे हे आडतीवर कामाला, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. माझ्याशी बोलायची वेळ आली की नुसतं हसायचे. घरात दिवसभर मी आणि सासूबाई, आणि सासूबाईंचा प्रत्येक शब्द मला दगडासारखा लागायचा. राग नसायचा त्यात. मला कळायचं नाही, एवढंच. चुकलं तर काय, या भीतीनं माझी भाकरी तव्यावर टाकतानाच फाटायची.

एकदा सकाळी पाहुणे आले. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, “आत दूध नाय.”

आमच्या कानडीत नायी म्हणजे कुत्रं. दूध हा शब्द मला येत होता. मी ऐकलं ते असं: आत, दूध, कुत्रं. ओसरीच्या कोपऱ्यातली काठी उचलली आणि आत धावले. सासूबाई नेमक्या दारात. त्यांना वाटलं, काठी आपल्यासाठीच. त्या ओरडत अंगणात पळाल्या. मी आतला कोपरान् कोपरा धुंडाळला, कुत्रं दिसेना. मग त्यांना धीर द्यायला बाहेर आले आणि म्हणाले, “इल्ला, इल्ला.” म्हणजे नाही, नाही. सासूबाईंना ऐकू आलं, इळा. काठीनं भागेना म्हणून सून आता विळा मागतेय.

त्या दिवसापासून माझं तोंड मिटलं ते मिटलंच. संध्याकाळी सासूबाई आमच्या यांना सांगत होत्या, आणि भीतीनं माणसाला भाषा कळते तशी ती मला कळली: “पंचमीला हिचा भाऊ न्यायला येईल. धाडून दे. परत आणू नगंस.”

आमच्या नि आप्पांच्या परसात कमरेएवढी मातीची भिंत. दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते आणि भिंतीपलीकडं आप्पा गल्लीतल्या कुत्र्याला त्याचं पान वाचून दाखवत होते. माझं लक्ष चित्राकडं गेलं. हुबेहूब. माझ्या तोंडून निघून गेलं, “नायी.”

आप्पा थांबले. “काय म्हणलीस पोरी?”

मी भीतभीत कुत्र्याकडं बोट केलं. कालचा गोंधळ भिंतीपलीकडून ऐकलेले आप्पा पुटपुटले, “नायी... दूध नाय...” आणि मटकन खाली बसून पोट धरून हसायला लागले. कुत्रं घाबरून निघून गेलं. तस्दीक राहिली.

हसू आवरल्यावर ते भिंतीशी आले आणि सासूबाईंना हाक मारली. “वहिनी, तुमची सून येडी न्हाय. तुमी नाय म्हणलं की तिला कुत्रं दिसतंय.”

“मग म्या काय म्हणू? घरात नसलं तरी हाय म्हणू?”

“संपलंय म्हणा.”

“आन् इळा?”

“ते तिचं नाय असंल. तुमचं तिचं दोघींचं नायच चाललंय.”

सासूबाईंना हसू आलं होतं, पण दाखवलं नाही. “ते काय का असंना. मुकी सून घेऊन म्या काय करू?”

“रोज घटकाभर माझ्याकडं धाडा. शिकवतो की.”

“मास्तर, सुनंला काय कचेरीत बसवायचीय? लोक काय म्हणतील?”

आप्पा मान डोलवून घरात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची म्हैस, चंद्री, गोठ्यातून निघाली आणि आमच्या भिंतीलगतच्या खुंट्याला आली.

आणि आप्पांनी म्हशीचं पान वाचायला घेतलं. रोज, मी भांड्यांना बसले की. खड्या आवाजात, एकेका अक्षराखाली बोट फिरवत. “म्है-स. म्हैस. म्हैस पाणी पिते.”

सासूबाई दारातून बघायच्या. “मास्तर, कालच झाली की म्हशीची तस्दीक.”

“काल ती रवंथ करत हुती वहिनी. ध्यान नव्हतं.”

“आज?”

“आजबी तेच करतीया. उद्या बघू.”

म्हशीचं पान संपेना. वाढत गेलं. “म्हैस मीठ खाते. मीठ संपले. मीठ शेजारून आणले.” “म्हशीला ताप आला. डोके दुखते. आज बरे वाटते.” मीही ओठांतल्या ओठांत म्हणायची. अक्षरं हातभर मोठी, भिंतीवरून सरळ दिसायची. आमच्या कानडी अक्षरांना जसं गोल पोट असतं तसं या मराठी अक्षरांना पोट नव्हतं, वरून दोरीला टांगल्यासारखी ती दिसायची. हळूहळू ओळखीची झाली. एक दिवस आप्पांनी वाचलं, “म्हैस म्हणते, आत्या, भाकरी वाढू का?”

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “तुमच्याकडं जनावर बोलत न्हाय म्हणं.”

आप्पा खोकले. “ही जरा येगळी हाय.”

मला सगळं कळत होतं तोवर. पण बोलायचं म्हटलं की घशात तीच काठी आडवी यायची.

पंचमीच्या आदल्या दिवशी भाऊ आला. सासूबाईंनी माझं गाठोडं बांधून ओसरीवर ठेवलं होतं. त्यात माझी सगळी लुगडी होती. चार दिवसांसाठी जाणाऱ्या सुनेचं गाठोडं एवढं मोठं नसतं. मी खांबाला धरून उभी. हे आडतीवर निघून गेले होते, जाताना नजर चुकवून.

तेवढ्यात आप्पा कागद घेऊन आले. “वहिनी, जरा थांबा. माझं हत्तीचं पान अडलंय.”

“आता?”

“म्या जन्मात हत्ती पाहिला न्हाय. एकदा कळंबात आलावता तर म्या भूमला तापानं निजलेलो. आता हत्ती तर मिळत न्हाय, पाहिलेल्याची साक्ष तरी पाहिजे.” त्यांनी कागद भावापुढं धरला.

भावाला मराठी येत नव्हती. तो चित्र बघून खूश झाला आणि माझ्याकडं हात करून म्हणाला, “आने, आने.” आमच्या गावच्या मठात हत्ती होता, मी लहानपणी त्याला ऊस घालायची, म्हणून.

सासूबाईंचा चेहरा बदलला. “कसले आणे? गाडीभाडं मागतोय का ह्यो?”

भाऊ हसत मान डोलवत होता. “आने, आने.”

“बघा मास्तर, असली ही सोयरीक...”

भावाचा अपमान होतोय, एवढंच मला दिसलं. “आणे न्हाय, आत्या,” मी म्हणाले. “हत्ती. आमच्यात हत्तीला आने म्हणतात. तो पैसं मागत न्हाय.”

सासूबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. आप्पा मात्र काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाले, “मग चित्र बरोबर हाय का?”

मी चित्र पाहिलं. “न्हाय आप्पा. डोळा एवढा मोठा नसतो. बारीक असतो. हा तर चंद्रीचा डोळा हाय.”

आप्पांनी तिथंच बसून डोळा खोडून बारीक केला. “झाली तस्दीक.”

सासूबाई अजून माझ्याकडंच बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, “म्हंजी तुमच्याकडं रुपयात सोळा हत्ती?”

मला हसू फुटलं, त्यांनाही. त्यांनी गाठोडं सोडलं, दोन लुगडी ठेवली, बाकीची आत नेली. मग भावापुढं बोटं नाचवत, मोठ्यानं बोललं की कानडी माणसाला कळतं अशा समजुतीनं म्हणाल्या, “पंचमी झाली की परत आणून सोड. दळण पडलंय.”

आप्पांचं पुस्तक निजाम गेल्यावर सोलापूरला छापून आलं. पोरांच्या हातात गेलं, फाटेपर्यंत वाचलं गेलं. त्यात म्हशीचं पान आहे, चार ओळींचं. मीठ नाही, ताप नाही, भाकरी वाढणारी म्हैस तर नाहीच. पण ते सगळं कुणासाठी होतं, हे मला पुस्तक छापून यायच्या कितीतरी आधी कळलं होतं.

चंद्री व्याली तेव्हाची गोष्ट. आप्पांच्या घरी बाईमाणूस नाही. बायको कधीच वारलेली, मूलबाळ झालं नाही. सासूबाईंनीच मला बाजरी शिजवून गुळासंगं देऊन धाडलं. मी पहिल्यांदाच भिंतीपलीकडं गेले. चंद्रीच्या तोंडाशी उभी राहून तिला चारत होते. भांड्यांची वेळ झाली. आप्पा सवयीनं कागद घेऊन आले, खुंट्याशी उभे राहिले, खाकरले आणि आमच्या रिकाम्या परसाकडं तोंड करून, अक्षरं तिकडं दिसतील असा कागद धरून, वाचायला लागले.

माझ्यासमोर, म्हशीसमोर, कागदाची मागची बाजू होती. कोरी.

इतके दिवस चंद्री बिचारी कोरा कागद बघत रवंथ करत होती.

एक ओळ वाचून आप्पा थांबले. परसात कुणी नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मागं वळून पाहिलं, तर मी. ते चष्म्याचा दोरा उगाच सारखा करायला लागले. एवढ्या मोठ्या घरात त्यांच्याशी त्या दिवसभरात कुणी बोललं नसावं, असं मला एकदम वाटलं.

मी टोपलं खाली ठेवलं. भिंतीला वळसा घालून आमच्या परसात आले, दगडावर बसले, समोर एक घासलेलंच भांडं ओढलं.

“हं आप्पा,” मी म्हणाले, “वाचा.”

“कुणाला? म्हशीला?”

“व्हय की. म्हशीलाच.”