जीभ बघणाऱ्या पाटकर सिस्टर

पाटकर सिस्टर माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याची जीभ बघायच्या. पेशंटची बघायच्या यात नवल नाही, पण त्या भाजीवाल्याची बघायच्या, रिक्षावाल्याची बघायच्या, एकदा तर हॉस्पिटलच्या एका ट्रस्टीलाही त्यांनी व्हरांड्यात तोंड उघडायला लावलं होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी बी.एस्सी.चं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत जपून घालून त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जीभ दाखव."

मी दाखवली.

"रंग उकडलेल्या कोलंबीचा. ओठाचे कोपरे फाटलेत. घरी पालेभाजी केली की तू ताटात ठेवून उठतोस."

ते खरं होतं, म्हणूनच मला राग आला.

हा काळ ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातला. भिवंडीतल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात नर्सिंगच्या मुलींचा लहानसा वर्ग चाले आणि त्यांना पोषणशास्त्र शिकवायला मला आठवड्यातून तीन तास नेमलं होतं. आमच्या राहनाळच्या आळीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील गोडाऊनवर गोणी उचलायचे, आईला अक्षरओळख नव्हती. केमिस्ट्रीत मिळालेला सेकंड क्लास मी कोणाच्या मेहेरबानीने मिळवला नव्हता. तेव्हा कोणी माझ्या डिग्रीऐवजी ओठांचे कोपरे बघावेत, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

सिस्टरांनी माझं नावच 'बीएस्सी' ठेवलं. "ए बीएस्सी, इकडे ये." वॉर्डबॉयसुद्धा मग मला बीएस्सीसाहेब म्हणू लागले, आणि त्यात आदर किती आणि थट्टा किती हे मला कधीच ठरवता आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर व्हिटॅमिन एची रचना काढली. कडी, तिला लांबलचक शेपूट, सगळं बिनचूक. मुली माना खाली घालून उतरवून घेत होत्या. सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. बुटकी, रुंद बांध्याची बाई, पांढऱ्या साडीला नीळ जरा जास्तच. थोडा वेळ फळा बघून म्हणाल्या, "छान आहे. हे कुठल्या झाडाला लागतं?"

मुली हसल्या. मग सिस्टरांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि शिकवायला सुरुवात केली. आजही त्या वर्गातली कोणी मुलगी भेटली तर तिला माझी कडी आठवत नाही, सिस्टरांचं व्हिटॅमिनचं कुटुंब आठवतं. "हे बघा पोरींनो, सी म्हणजे माहेरची ओढ असलेली सून. भाजी चिरून ठेवली, गेली. जास्त शिजवली, गेली. म्हणून आधी धुवायची, मग चिरायची, आणि लिंबू पिळायचं ते ताटात. बी हे सगळे पाण्यात पोहणारे भाऊ, पाणी ओतलंत की तेही मोरीतून बाहेर. आणि ए, डी, ई, के हे तेलातले पाहुणे. तेल नसेल तर उंबरठा ओलांडत नाहीत. पण एकदा आत आले की मुक्काम ठोकतात, म्हणून त्यांना डॉक्टरला विचारून बोलवायचं. फार झाले तर घर मोडतात."

वर्गात जे बोलायच्या ते वॉर्डात करूनही घ्यायच्या. टीबीचा पेशंट पायाला मुंग्या येतात म्हणाला की मुलींकडे वळायच्या, "गोळ्या चालू आहेत, मग बी-सिक्स चालू आहे का? डॉक्टरांना कोण विचारणार, मी?" टाके घातलेल्या पेशंटच्या ताटात लिंबाची फोड दिसली नाही तर ताट परत जायचं.

ते जायचं यूसुफचाचांकडे. चाचा आमच्या स्वयंपाकघराचे मालक असल्यासारखे वागणारे आचारी, इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातले. ते तांदूळ चार पाण्यांनी धुवायचे. सिस्टर त्यांच्या डोक्यावर उभ्या राहायच्या.

"दोन पाणी बस, चाचा. तिसऱ्यात बी-वन गटारात जातो."

"सिस्टर, गोणीचा वास येतो. पेशंट मला शिव्या घालतो, तुमच्या बी-वनला घालत नाय."

"पेजेचं पाणी कुठाय?"

"बकरीला दिलं."

"मग तुमची बकरी आपल्या पेशंटांपेक्षा धडधाकट आहे ती उगाच नाही."

पॉवरलूमवरच्या कामगारांशी त्यांची हिंदी ऐकण्यासारखी होती. बारा बारा तासांची शिफ्ट मारून अशक्त झालेला माणूस यायचा आणि दंड पुढे करायचा. "सिस्टर, वो लाल वाली ताकत की सुई लगा दो."

"पहले जबान दिखाओ. बिस्सी में सब्जी क्या थी?" बिस्सी म्हणजे या कामगारांची खाणावळ.

"आलू."

"कल?"

"आलू."

"परसों?"

माणूस विचारात पडला. "परसों आलू नहीं था. आलू का पानी था."

सिस्टर दुसऱ्या दिवशी त्या बिस्सीत गेल्या, चालवणाऱ्या बाईची आधी जीभ बघितली आणि मग तिच्याकडून आठवड्यातून तीनदा पालक आणि रोज लिंबू कबूल करून घेतलं.

मला त्यांचा खरा त्रास व्हायचा तो रंगांवरून. नुसतं 'लाल' किंवा 'पिवळं' म्हटलेलं त्यांना चालत नसे. मुलगी म्हणाली, "सिस्टर, पेशंटची जीभ लाल आहे," की सुरू. "लाल कशासारखी? जास्वंदीसारखी, कोकमासारखी, की चोळीच्या खणासारखी? नीट बघून सांग." भोपळा आला तर तो हळदीचा पिवळा की झेंडूचा, यावर दहा मिनिटं. मुली घाबरून डोळे फाडून बघायला शिकल्या, हे खरं. पण मला तो शुद्ध विक्षिप्तपणा वाटायचा. निदानाला कोकम आणि जास्वंद यांतला फरक लागत नाही, असं मी एकदा त्यांना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला नसेल लागत."

मग राहनाळची सुरेखा आली.

चार वर्षांची पोर, गोवरावर न्यूमोनिया झाला म्हणून आणलेली. सोबत आजी. आमच्याच गावातली, आमच्याच आगरी समाजातली, लुगडं गुडघ्यापर्यंत कसलेलं. तिने खाटेच्या लोखंडी दांड्याला कडुलिंबाचा पाला बांधला होता. सिस्टरांनी पोरीची जीभ बघितली, मग पापणी वर केली आणि तिथेच थांबल्या. मला हाक मारली.

"बघ. डोळ्याचं पांढरं कसं पाहिजे? शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं. ओलं, चमकणारं. हे कसं आहे?"

मी बघितलं. ते वाळत घातलेल्या पापडासारखं होतं, आणि कडेला साबणाच्या फेसासारखा पांढरा ठिपका.

डॉक्टरांनी लगेच व्हिटॅमिन एचा डोस लिहिला. एक आज, एक उद्या. बुबुळ अजून शाबूत होतं, पण ते किती वेळ तसं राहील हे कोणी सांगू शकत नव्हतं. सिस्टर चमचा भरून आल्या. आजीने वास घेतला आणि पोरीच्या तोंडावर हात ठेवला.

"त्याल हाय यात."

"औषध आहे, आजी."

"देवीचं दिस हाईत. आमच्या घरात आठ दिस फोडनी न्हाय. त्याल पोटात न्हाय जायाचं. जबरी केलीत तर पोरीला उचलून घरी न्हेन."

ही रीत मला ठाऊक होती. गोवर म्हणजे देवी अंगावर आलेली, आणि देवी घरात असताना तेल तापवायचं नाही, फोडणी द्यायची नाही. पोराला नुसता भात. म्हणजे ज्या दिवसांत डोळ्यांना व्हिटॅमिन एची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवसांत आम्ही त्याची वाट बंद करतो.

पोरीचे आईवडील घरी होते, आणि असते तरी आजीपुढे बोलले नसते. सिस्टर मला म्हणाल्या, "तुझ्या गावची आहे. तुझी भाषा आहे. तू बोल."

मी बोललो. व्हिटॅमिन ए पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, ते नसेल तर बुबुळाचा पडदा सुकतो, मग फुटतो. बोललो ते सगळं खरं होतं. आजीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू कोनाचा रं?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"तुला बी गोवर निंगाला व्हता. तुझ्या आयेला मीच सांगलेलं, फोडनी द्येऊ नको. दिली तिनं?"

"नाही."

"मंग? झाला का न्हाय येवढा मोटा? शिकला पन."

माझ्या आईनेही तेच केलं होतं आणि मी वाचलो होतो, ते नशिबाने. पण वाचलेला माणूस समोर बसून नशिबाची गोष्ट सांगू लागला तर कोण ऐकेल?

सिस्टरांनी चमचा झाकून ठेवला. मला वाटलं आता त्या ओरडतील. त्यांनी चपला काढल्या आणि आजीशेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या.

"आजी, घरी देवीपुढं दिवा लावलात?"

"लावला तर. सुनंला सांगून आलीया, इझू देऊ नको."

"कशाचा लावलात?"

"कशाचा म्हंजे? तेलाचा."

"मग देवीला तेल चालतं."

आजीने पोरीच्या अंगावरची चादर सारखी केली.

"दिव्याला चालतं, पोटाला चालत नाही. बरोबर? मी पोटाला देतच नाही. पोरीच्या डोळ्यातला दिवा इझायला आलाय, तुम्हीच बघा. त्यात चमचाभर घालते. आज एक, उद्या एक. देवी तुमच्या घरी आली आणि पोरीचा दिवा विझवून गेली, असं गावात नको म्हणायला."

आजीने वाकून नातीची पापणी स्वतःच्या बोटाने वर केली. बराच वेळ बघितलं. मग पोरीच्या तोंडावरचा हात काढला आणि म्हणाली, "दिव्याला न्हाय कसं म्हनू?"

बाहेर आल्यावर मी सिस्टरांना म्हणालो की हे काही शास्त्र नव्हे. त्यांनी चमचा नळाखाली धुतला. "तुझं शास्त्र तोंडाच्या बाहेर राहिलं, बीएस्सी. माझं आत गेलं."

मला ते झोंबलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

पोरीच्या डोळ्यांत हळूहळू पाणी आलं. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी टॉर्च टाकून बघितलं आणि मान हलवली. आजीने जाताना सिस्टरांच्या ओटीत दोन शेवग्याच्या शेंगा टाकल्या. सिस्टर एकदम घाईने निघाल्या, इतक्या की जेवणाचा डबा टेबलावरच राहिला. असं त्यांचं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी मी तो सायकलला अडकवून टेमघरला त्यांच्या घरी घेऊन गेलो. रागाचं म्हणाल तर, तो एव्हाना मलाच जड झाला होता.

दार बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने उघडलं. तिने मला नाव विचारलं नाही, मी "सिस्टर आहेत का?" म्हटल्यावर कान माझ्याकडे केला. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा होता.

"बीएस्सी ना तुम्ही? आई म्हणते तसाच आवाज आहे. उकडलेली कोलंबी सुधारली का?"

आत चूल नव्हे, स्टोव्ह होता आणि त्यावर कढईत तेल. ती सरळ तिथे जाऊन उभी राहिली आणि हात तेलावर धरून ताव बघू लागली. सिस्टर खाली बसून शेवगा सोलत होत्या. मला बघून जराशा ओशाळल्या, मग म्हणाल्या, "बस. ही वंदू."

मी बसलो. त्यांनीच सांगितलं, मान वर न करता.

"चार वर्षांची होती. मी ठाण्याला नर्सिंग शिकत होते, होस्टेलवर. गोवर निघाला म्हणून निरोप आला, रजा टाकून आले. फोडणी बंद. मी सासूपुढे पुस्तक उघडून धरलं, तिला वाचता येत नव्हतं. मी अडाणी म्हणाले तिला. चारचौघांत. ती पोरीला घेऊन अंबाडी गावाला भावाच्या घरी निघून गेली. मी पोचेपर्यंत आठ दिवस झाले होते."

शेवग्याची साल त्यांच्या हातात लांबत गेली.

"मी खरी होते, बीएस्सी. परीक्षेत तोच प्रश्न आला. मला पुरे मार्क मिळाले."

मी हातातला डबा कुठे ठेवावा ते शोधत राहिलो.

वंदूने मोहरी टाकली, तडतड थांबेपर्यंत कान देऊन उभी राहिली, मग जिरं टाकलं. "आई," ती म्हणाली, "आजच्या जिभा?"

हे रोजचं असावं, कारण सिस्टरांनी लगेच सुरुवात केली. "खाट नंबर दोन, जांभूळ खाल्ल्यासारखी. तीनवाल्याची सुधारली, काल कोकम होती, आज पिकल्या पेरूच्या आतल्यासारखी. चाचांचा भोपळा झेंडूचा पिवळा. अगदी आपल्या दसऱ्याच्या तोरणाचा, आठवतं?"

"आठवतं."

पहिल्या चार वर्षांत वंदूने जेवढे रंग बघितले तेवढेच तिच्याकडे होते. ते पुसले जाऊ नयेत म्हणून ही बाई रोज वॉर्डातून नवे गोळा करून आणत होती, आणि मी सिस्टरांना सांगितलं होतं की त्यांचा काही उपयोग नाही.

"आणि त्या राहनाळच्या पोरीचे डोळे?" वंदूने विचारलं.

सिस्टरांनी हातातली शेंग बाजूला ठेवली. "आज घरी गेली. डोळे एकदम ओले. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे."

वंदूने पातेल्यातली आमटी कढईत ओतली. वाफ तिच्या तोंडावर आली तरी ती मागे सरली नाही.

"तो रंग मी बघितलाय," ती म्हणाली. "खाडीवर. तू दाखवला होतास."