नवसीची शेळी चिकूच्या वाडीत

पालघरच्या ‘सागरतट बालकुमार साहित्य मंडळा’चे कार्यवाह फोनवर मानपत्र वाचून दाखवत होते आणि सुगंधा वाकचौरे कुकरखालचा गॅस बारीक करून ते ऐकत होती. तिच्या ‘नवसीची शेळी’ या किशोर कादंबरीला मंडळाचा यंदाचा सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा पुरस्कार जाहीर झाला होता. लग्न होऊन बोईसरला आल्यापासून सुगंधा मुलांसाठी लिहीत होती, आणि तेव्हापासून कॉलनीत तिची ओळख ‘केमिकलवाल्या वाकचौरेंच्या मिसेस, त्या काहीतरी लिहितात’ अशी होती. त्या ‘काहीतरी’ला आज पहिल्यांदा नाव मिळत होतं. म्हणून मानपत्रातलं एकेक विशेषण ती सावकाश गिळत होती. शेवटच्या वाक्याला मात्र घास अडकला.

“...विशेषतः चिकूच्या वाडीचे प्रकरण मराठी बालवाङ्मयाला एका नव्या उंचीवर नेऊन ठेवते,” कार्यवाहांनी समारोप केला आणि आवाज न बदलता, कार्यक्रमाला नातेवाईक भरपूर आणा, हॉल मोठा आहे, असंही सांगितलं.

सुगंधाच्या पुस्तकात चिकूची वाडी नव्हती. चिकूचं एक झाडसुद्धा नव्हतं. होती ती नवसी नावाची मुलगी, तिची आगाऊ शेळी आणि मासेमारीची एक बोट. तिनं कपाटातून पुस्तक काढलं. बत्तिसाव्या पानावर शेळी उडी मारून बोटीत चढली होती. तेहेतिसावं पान असं सुरू होत होतं: ‘बुंध्याभोवती आळे करून कुजलेले शेणखत द्यावे.’

तिथून पुढे सोळा पानं चिकूच होता. लागवड, छाटणी, फुलगळ, कळी पोखरणारी अळी, अळीची आकृती. एकोणपन्नासाव्या पानावर बोटीतल्या बर्फाच्या कप्प्याचं झाकण उघडून नवसी बाहेर येत होती. ती त्या कप्प्यात कधी आणि कशाला शिरली, याचा पत्ता पुस्तकाला नव्हता.

हे आधी कळलं कसं नाही, असं कुणी विचारेल. प्रवेशिकेच्या अगदी शेवटच्या दिवशी छापखान्यातून गठ्ठा आला होता. सुगंधानं मुखपृष्ठ पाहिलं, मागचा आपला फोटो पाहिला, अर्पणपत्रिका वाचली, पुस्तकाचा वास घेतला आणि प्रती घेऊन थेट पालघर गाठलं. लेखकाला स्वतःच्या पुस्तकात एवढंच वाचायचं असतं. बाकीच्यांचं म्हणाल, तर माहेरी, सासरी आणि कॉलनीत मिळून तिनं पुस्तकं वाटली होती आणि सगळ्यांनी ‘वाचलं, छान आहे’ असं कळवलं होतं. एका नणंदेनं तर डोळ्यांत पाणी आलं, असंही कळवलं होतं.

संध्याकाळी कैलास कंपनीतून आला.

“तुम्ही माझं पुस्तक वाचलंय ना?” सुगंधानं विचारलं.

“वाचलं की. एका बैठकीत.”

“मधला चिकूचा भाग कसा वाटला?”

कैलासनं बुटाची नाडी सोडता सोडता बायकोच्या चेहऱ्याचा अंदाज घेतला. “चिकूचं ना... जरा लांबलंय. पण गोड झालंय.”

मग तिनं सगळं सांगितलं. कैलासचं म्हणणं पडलं, की झालं ते झालं, आता गप्प राहायचं. त्यानं पुरस्काराची बातमी कंपनीच्या ग्रुपवर टाकली होती, खुद्द प्लँट मॅनेजरनी अंगठा उंचावला होता. कॉलनीच्या गेटवर लावायला सुगंधाच्या फोटोचा फ्लेक्सही छापायला गेला होता. पुस्तक चुकीचं निघालं तर फ्लेक्सचं काय करायचं, हा त्याचा प्रश्न होता. फ्लेक्समध्ये मात्र कुठलीच चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती बोईसरमधल्याच ललितभाईंच्या छापखान्यात गेली. ललितभाईंनी लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक एकाच निर्विकारपणे छापले होते. त्यांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं.

“मॅडम, दोन काम एकसाथ बाइंडिंगला गेले. घिवलीवाल्यांचं चिकूचं आणि तुमचं बकरीचं. साइज सेम, कागद सेम. सोळा पानांचा एक फॉर्मा तिकडचा इकडे आला, बस.”

“आणि इकडचा?”

“तिकडे गेला असेल ना. कागद कुठे पळून जातो?”

सुगंधा म्हणाली, निदान शुद्धिपत्र तरी छापा. ललितभाई लगेच तयार झाले. धंद्याला त्यांची ना नव्हती. “पण त्यात लिहायचं काय? ‘पान तेहेतीस ते अठ्ठेचाळीस चुकून आली, क्षमस्व’? मग अवार्ड पण चुकूनच आला ना, मॅडम?”

साहित्यव्यवहारावर इतकं नेमकं भाष्य तिनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. घरी येऊन तिनं परीक्षक समितीच्या अध्यक्षांना, निवृत्त प्राचार्य टिपणीस सरांना फोन लावला. खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण खरं सांगायला समोरच्यानं थांबावं लागतं. सर फुलगळीवर बोलत होते. फुलगळ म्हणजे हरवत चाललेलं बालपण, हे त्यांच्या पहिल्याच वाचनात लक्षात आलं होतं.

“आणि ते वाक्य,” सर म्हणाले, “‘गळलेल्या कळ्या वेचून नष्ट कराव्यात.’ मी पुस्तक मिटलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आपल्या शिक्षणव्यवस्थेवर इतकं निर्दय कुणी लिहिलेलं नाही.”

“सर, ते अळीबद्दल आहे.”

“अर्थातच. अळी म्हणजे कोण, हे न कळण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही.”

“सर, ते मी लिहिलेलंच नाही हो.”

“असंच असतं, बाई. थोर लेखन आपण लिहीत नाही. ते आपल्याकडून लिहून घेतलं जातं. भाषणात हे नक्की सांगा.” एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

समारंभाच्या दिवशी पालघरचा हॉल मंडळाच्या अपेक्षेपेक्षा जास्त भरला, कारण एका शाळेची मुलं गणवेशात आणून पुढच्या रांगांमध्ये बसवली होती. बालसाहित्याचा कार्यक्रम असल्यामुळे त्यांना हसू नका, बोलू नका, हलू नका, असं बजावलेलं होतं. त्यांच्यामागे कैलास आणि त्याच्या कंपनीतले लोक होते. स्वागत झालं, दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांनी मुलांनी वाचलं पाहिजे असं सांगितलं आणि आपण पुस्तक प्रवासात चाळल्याचं प्रांजळपणे कबूल केलं. मग टिपणीस सर उठले आणि त्यांनी चष्मा लावून पुरस्कारप्राप्त उतारा वाचायला घेतला.

“‘पावसाळ्यात वाडीत पाणी साचू देऊ नये,’” सरांनी वाचलं आणि ते थांबले. हॉल गंभीर झाला. “‘साचल्यास चर खणून ते बाहेर काढावे.’” एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

सुगंधाचं लक्ष मात्र शेवटच्या रांगेत होतं. तिथं अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टातला एक उंच, रापलेला माणूस बसला होता. सगळ्या हॉलमध्ये तो एकटाच योग्य जागी मान डोलावत होता. त्याच्या हातात एक पातळ पुस्तिका होती आणि तिच्यावर देठासकट चिकू छापला होता.

सुगंधानं ओळखलं. हा आता उठणार आणि हे माझं आहे म्हणणार. कॉलनीत ‘काहीतरी लिहितात’ यापेक्षा ‘दुसऱ्याचं लिहितात’ हे जास्त दिवस टिकेल. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. शाल पडली, श्रीफळ आलं, मानचिन्ह हातात आलं, तशी ती तडक माइकसमोर गेली आणि म्हणाली, की आत्ता वाचलेला मजकूर माझा नाही. छापखान्यात दोन पुस्तकांची पानं बदलली गेली. तो चिकूच्या लागवडीचा आहे आणि त्याचा अर्थही तेवढाच आहे. पुरस्कार त्यासाठी असेल तर तो परत घ्यावा.

मग टिपणीस सरांनी एकट्यानं टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. सर माइक ओढून घेत म्हणाले, की आजकाल लोक दुसऱ्याचं लिहिलेलं आपलं म्हणून सांगतात. आपलं लिहिलेलं दुसऱ्याचं म्हणून सांगणारी लेखिका आज आपण पाहिली. हा विनय दुर्मीळ आहे. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. कैलासची कंपनी उभी राहिली. कार्यवाहांनी लगबगीनं आभार मानले आणि अल्पोपाहार घेऊनच जावं, अशी विनंती केली.

सगळे जिलेबीकडे वळले, तशी सुगंधा मागच्या दारानं बाहेर पडली. जिन्याखाली चपलांच्या ढिगाजवळ तो माणूस उभाच होता.

“शेळीवाल्या बाय तुमीच ना?” तो म्हणाला. “मी बळवंत चुरी. घिवलीचा. ते चिकूचं माजं हाय.”

सुगंधानं हात जोडले. ती माफी मागणार, तोच त्यानं हात हलवला.

“माफीचं ऱ्हाऊ द्या. त्या सरांनी वाचलं मातर झ्याक. आमच्या बागायतदारांना पुस्तक फुकट वाटलं, तरी कोण उघडीत नाय. पण माज्या पुस्तकात तुमची पानं आलीत, त्याचं काय ते बगा. ललितभाई बोलला, बाय आज पालघरला गावतील, म्हणून आलो.”

हकिगत अशी होती. चुरींच्या शेडमध्ये गावातल्या बायका चिकू निवडून खोक्यांत भरत असतात. चुरींची बायको आनंदी त्यांना मोठ्यानं पुस्तिका वाचून दाखवत होती, म्हणजे निवडताना अळीचं फळ ओळखू यावं. अळी येईपर्यंत मधेच शेळी आली. बोट सुटली, शेळीला परत आणायला बोटीवर चढलेली नवसी बर्फाच्या कप्प्यात लपली, वरून झाकण पडलं, आणि पान उलटलं तर फवारणीचं वेळापत्रक.

“तवापास्नं एक हात हलत नाय,” बळवंत म्हणाला. “झाकण आतून उघडतं का नाय, यावर शेडमदी दोन पक्ष पडलेत. एक सोजराबाई हाय, ती बोलते, पोर गारठून मेली. बाकीच्या तिच्याशी बोलत नाय. बाय, चिकू पिकायचा थांबत नाय. पोर जगली का मेली तेवडं सांगा, मी जातो.”

पुढचं पुस्तक कधी, असं सुगंधाला पुष्कळांनी विचारलं होतं, आधीचं न वाचता. पुढं काय झालं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं पिशवीतली प्रत पुढे केली. पुढचं सगळं यात आहे, म्हणाली.

“हे घेऊन घरी जाईस्तवर सांज होल. माल आज भरायचा हाय.” बळवंतनं खिशातून फोन काढला, लावला, स्पीकर चालू केला आणि तिच्या तोंडासमोर धरला. “बोला. सगल्या ऐकतात.”

पलीकडे कुणीतरी कुणाला तरी गप बस म्हणालं. सुगंधानं मानचिन्ह चपलांशेजारी टेकवलं, शालीची घडी करून पायरीवर टाकली, तिच्यावर बसली आणि झाकण पडलं तिथून सांगायला लागली. अंधार सांगितला, बर्फाचा चटका सांगितला, वर लाकडावर खूर वाजतायत ते सांगितलं. फोनमधून श्वाससुद्धा ऐकू येईना. आत तिच्या नावानं फोटोसाठी पुकारा झाला, मग तिच्याशिवायच फोटो निघाला.

टिपणीस सर जिलेबीची बशी घेऊन बाहेर आले होते. ते केव्हा आले, हे तिला कळलं नाही. जिलेबीचा तुकडा त्यांच्या बोटांत तसाच होता आणि पाक मनगटापर्यंत ओघळला होता. ती क्षणभर थांबली, तेव्हा ते भानावर आले.

“नवीन लिहिताय वाटतं?” त्यांनी विचारलं.

ते त्यांनीच गौरवलेल्या पुस्तकाचं एकोणपन्नासावं पान होतं.

“रंगतंय चांगलं,” सर वडीलधाऱ्या मायेनं म्हणाले. “पण स्पर्धेला पाठवू नका. सगळंच कळतं हो त्यातलं.”

फोनमधून सोजराबाईचा आवाज आला. “कोण तो मदी बोलतो? त्याला बाजूला करा. शेलीचा काय झाला त्या सांग, बाय.”

सुगंधानं पुढं सांगायला घेतलं. टिपणीस सर बाजूला झाले आणि चपलांच्या ढिगात आपली चप्पल शोधू लागले. ती अगदी समोरच होती. शेळी सुखरूप किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांना ती काही सापडली नाही.